खानदेशातील जुनी शेततळी आणि मासळीचा समतोल

पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीने खानदेशातील शेतकऱ्याला पाण्याचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या शिकविला आहे. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे आणि कोणाच्या शेताला पाणी केव्हा द्यावयाचे, हे बंधाऱ्यावरील गावकरी एकत्र बसून ठरवीत आणि पाटकरी त्याप्रमाणे पाणी वाटून देई. पाण्याच्या बाबतीत इतका काटेकोर असलेला हा प्रदेश पाण्यातील मासळीच्या बाबतीत मात्र अजून अंदाजावरच चालतो. तळ्यात बीज किती सोडले, हे बहुतेकांना सांगता येते. परंतु तळ्यात आज मासे किती आहेत, कोणते आहेत आणि ते वाढत आहेत किंवा नाहीत, या प्रश्नांना सहसा उत्तर मिळत नाही.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. गेल्या काही वर्षांत जळगाव व धुळे जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या स्वतःच्या मालकीची पुष्कळ तळी उभी राहिली. २०१६ साली राज्य शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केली. तिच्यातील सर्वांत मोठे तळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल होते. सामूहिक शेततळी याहून मोठी आहेत. रावेर व यावल या केळीच्या पट्ट्यात प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली तळी नजरेस पडतात. मूळ हेतू पिकाला पाणी देण्याचा. पण पाणी साठलेलेच आहे तर त्यात मासे का सोडू नयेत, असा विचार करून अनेकांनी बीज सोडले. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे या जोडधंद्याकडे पाहण्याची दृष्टीही बदलत आहे.

तळे नवे असताना फारशी अडचण येत नाही. तक्रार सुरू होते ती चौथ्या-पाचव्या वर्षापासून. दरवर्षी बीज विकत घेऊन सोडले जाते, खाद्यही घातले जाते. परंतु जाळे ओढले की हाती येते ती बोटाएवढी किंवा तळहाताएवढी मासळी. अशा वेळी पुढील वर्षी आणखी बीज सोडण्याकडे शेतकऱ्याचा कल असतो. हा उपाय स्वाभाविक वाटला तरी चुकीचा आहे, कारण जुन्या तळ्यात मासे कमी झालेले नसून नको ते मासे जास्त झालेले असतात.

दोन प्रकारची वस्ती

असे का होते, हे समजण्यासाठी तळ्यातील मासळीचे दोन वर्ग लक्षात घेणे अगत्याचे आहे.

पहिला वर्ग कटला, रोहू व मृगळ या कार्प जातीच्या माशांचा. कटला पाण्याच्या वरच्या थरात सूक्ष्म प्राणी खातो, रोहू मधल्या थरात चरतो आणि मृगळ तळाशी साठलेल्या कुजक्या पदार्थांवर जगतो. एकाच तळ्यातील तिन्ही थरांचे अन्न वापरले जावे म्हणून या तीन जाती साधारणतः ४:३:३ या प्रमाणात एकत्र सोडल्या जातात. या माशांचा एक विशेष असा की, ते साठलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यांचे प्रजनन पावसाळ्यात, नदीला पूर आला असताना, वाहत्या पाण्यात होते. म्हणूनच पूर्वी त्यांचे बीज नदीतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पियूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले, तेव्हापासून केंद्रात बीज तयार करणे शक्य झाले. या घटनेच्या स्मरणार्थ १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. खानदेशातील शेतकऱ्याच्या डबक्यात आज रोहू पोहतो आहे, तो या शोधामुळेच.

तात्पर्य असे की, शेततळ्यात सोडलेल्या या माशांची संख्या फक्त कमीच होऊ शकते. काही मरतात, काही बगळे व पाणकावळे नेतात, काही जाळ्यात येतात. नव्याने एकही जन्मत नाही.

दुसरा वर्ग याच्या अगदी उलट आहे. तिलापिया, म्हणजे आपल्याकडील बाजारात ‘चिलापी’ म्हणून ओळखला जाणारा मासा, १९५२ साली भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते, त्यामुळे पिले मोठ्या प्रमाणावर वाचतात. दोन-तीन महिन्यांतच तो अंडी घालण्यास योग्य होतो आणि वर्षातून अनेक वेळा पिले देतो. सोलापूर व पुणे जिल्ह्यांच्या सीमेवरील उजनी जलाशयात या माशाने किती बस्तान बसविले आहे, हे तेथील मच्छीमारांना ठाऊकच आहे. मोठ्या जलाशयात त्याची विक्री होऊन चार पैसे तरी मिळतात. लहान तळ्यात मात्र गर्दी होताच तो खुरटतो; वाढण्याऐवजी लहान आकारातच अंडी घालू लागतो. सायप्रिनस हाही साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. त्याची चिकट अंडी पाणवनस्पतींना चिकटून राहतात. शिवाय तो अन्नासाठी तळ व बांध उकरतो, त्यामुळे मातीच्या तळ्यातील पाणी गढूळ राहते. याखेरीज ओढ्याच्या पाण्याबरोबर किंवा नदीवरील पंपातून येणारी लहान जंगली मासळी वेगळीच.

एक वर्ग दरवर्षी घटतो आणि दुसरा दरवर्षी वाढतो. कोणी काही केले नाही तरी चार-पाच वर्षांत तळ्याची मालकी दुसऱ्या वर्गाकडे जाते. नवे बीज त्या गर्दीत सोडले की त्याच्या वाट्याचे अन्न आधीच खाल्लेले असते. घातलेले खाद्यही प्रथम चिलापीच्या तोंडी लागते.

समतोलाची कल्पना

खाजगी तळ्यातील मासळीच्या समतोलाचा शास्त्रशुद्ध अभ्यास प्रथम अमेरिकेत अलाबामा राज्यातील ऑबर्न येथे झाला. तेथील शेतकऱ्यांच्या तळ्यांत एक शिकारी मासा व त्याचे भक्ष्य असलेला एक लहान मासा अशी जोडी सोडीत. काही तळ्यांत वर्षानुवर्षे चांगले मासे मिळत आणि काही तळी खुरटलेल्या पिलांनी भरून जात. एच. एस. स्विंगल या शास्त्रज्ञाने अशी कित्येक तळी पूर्ण उपसून त्यांतील प्रत्येक मासा मोजला व तोलला, आणि आपले निष्कर्ष १९५० साली प्रसिद्ध केले. शिकारी माशांच्या एकूण वजनाच्या साधारण ३ ते ६ पट वजनाचे भक्ष्यमासे असतील, तर तळे समतोल राहते, असे त्यांना आढळले. शिकारी मासे जास्त पकडले गेले की हे प्रमाण बिघडते व पिलांची गर्दी होते.

हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तेथील जाती वेगळ्या, हवा वेगळी. परंतु त्यातील तत्त्व उपयोगी आहे. खानदेशातील तळ्यांत शिकाऱ्याचे काम मरळ करू शकते. चिलापीची गर्दी झालेल्या तळ्यात थोड्या मरळी सोडल्यास त्या पिले खाऊन वस्ती आटोक्यात ठेवतात आणि मरळीला मागणीही चांगली असते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मरळ ही कार्पचे बोटुकलेही तितक्याच आवडीने खाते. तेव्हा मरळीच्या तोंडात मावणार नाही एवढे, म्हणजे वीतभर वाढलेले कार्प तळ्यात असतील तरच लहान आकाराच्या मरळी सोडाव्यात. आफ्रिकन मागूर, ज्याला बाजारात थाई मागूर म्हणतात, तो या कामासाठी कोणी सुचविल्यास सरळ नकार द्यावा. त्याच्या संवर्धनास बंदी आहे आणि तो पुराबरोबर नाल्यात गेला तर स्थानिक मासळीचा नाश करतो.

तळ्यातील मासे मोजावे कसे?

पाण्याखालचे मासे मोजता येत नाहीत, हा समज खरा नाही. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खूणबंद माशांची जी रीत वापरली, तिच्यासाठी एक जाळे, एक लहान कात्री आणि वही एवढेच साहित्य पुरते.

समजा, एका शेततळ्यात रोहू किती आहेत हे पाहावयाचे आहे. सकाळच्या थंड वेळी ओढजाळ्याने ६० रोहू पकडले, प्रत्येकाच्या पोटाखालच्या एका पराचे टोक कात्रीने छाटले आणि लगेच पाण्यात सोडले. पर पुन्हा वाढतो. माशाला अपाय होत नाही. आठवड्याने पुन्हा जाळे ओढले. या खेपेस ५० रोहू आले व त्यांपैकी १० खुणेचे निघाले. म्हणजे जाळ्यातील पाच माशांत एक खुणेचा आहे. तळ्यातही हेच प्रमाण असणार. खुणेचे एकूण ६०, म्हणून तळ्यात सुमारे ३०० रोहू आहेत. दोन्ही खेपांना तळ्याचे सर्व कोपरे घ्यावयास हवेत आणि मधल्या आठवड्यात मासे काढावयाचे किंवा सोडावयाचे नाहीत, एवढे पथ्य पाळले की आकडा वास्तवाच्या बराच जवळ जातो.

शाळांतील शिक्षकांना हा पाठ वर्गातच करून दाखविता येईल. पिशवीभर चिंचोके घ्यावेत, त्यांतील मूठभर काढून त्यांवर चुन्याची खूण करावी, पुन्हा मिसळावेत आणि दुसरी मूठ काढून मोजावी. त्रैराशिकाचा इतका जिवंत उपयोग पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडतो. शेवटी सारे चिंचोके मोजून पाहिले म्हणजे अंदाज किती जवळ आला हेही मुलांना कळते.

या मोजणीचा शेतकऱ्याला काय उपयोग? उदाहरण खाद्याचेच घेऊ. शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा यांचे मिश्रण माशांच्या एकूण वजनाच्या सुमारे २ टक्के घातले जाते असे धरू. शेतकऱ्याने सर्व मिळून ४५० मासे सोडले होते आणि प्रत्येक मासा आता सरासरी ५०० ग्रॅमचा आहे. तो मनात २२५ किलो मासळी धरून रोज साडेचार किलो खाद्य घालतो. मोजणीत तिन्ही जाती मिळून ३०० मासे भरले, तर मासळी १५० किलो आणि खाद्य ३ किलोच हवे. रोजचे दीड किलो खाद्य वाया जाते. वाया गेले एवढेच नव्हे, तर तळाशी कुजून ते पाण्यातील प्राणवायू खाते. खाद्याचा पैसा देऊन मासे मारण्याचा हा प्रकार आहे.

मोजणीबरोबर दरमहा प्रत्येक जातीच्या वीसेक माशांची लांबी व वजन घ्यावे. ग्रॅममधील वजनाला १०० ने गुणून सेंटीमीटरमधील लांबीच्या घनाने भागले असता माशाची अंगलट कळते. ३० सेंटीमीटर लांबीचा रोहू ३२४ ग्रॅम भरला तर उत्तर १.२ येते, २४३ ग्रॅम भरला तर ०.९. दोघांची लांबी एकच, पण दुसरा उपाशी आहे. हा आकडा महिन्यामागून महिना घसरू लागला म्हणजे तळ्यात खाणारी तोंडे जास्त झाली, असे समजावे.

उन्हाळ्याचे गणित

अन्यत्र मासळीची काढणी बाजारभाव पाहून करता येते. खानदेशात ती पाणी पाहून करावी लागते. मार्च ते मे या काळात येथील उघड्या पाण्यातून दिवसाला सुमारे एक सेंटीमीटर, कडक उन्हाच्या दिवसांत त्याहूनही अधिक पाणी बाष्परूपाने उडून जाते. तीन महिन्यांत जवळपास एक मीटर पातळी केवळ उन्हाने जाते. त्यातच केळीला पाणी द्यावयाचे असते, आणि ते दिलेच पाहिजे. माशांसाठी बाग वाळू देणारा शेतकरी शोधून सापडणार नाही.

३० बाय ३० मीटरच्या व ३ मीटर खोलीच्या तळ्याचे उतार एकास एक धरले, तर ते भरल्यावर त्यात सुमारे २,१९६ घनमीटर पाणी मावते. पातळी १ मीटरवर आली की पाणी उरते सुमारे ६२५ घनमीटर. खोली एक तृतीयांश झाली, पण बाजू उतरत्या असल्यामुळे पाणी त्याहूनही कमी, २८ टक्केच राहिले. मासे मात्र तेवढेच आहेत, किंबहुना वजनाने वाढलेले आहेत. डिसेंबरात ज्या घनमीटर पाण्यात १०० ग्रॅम मासळी होती, त्याच घनमीटरमध्ये मे महिन्यात साडेतीनशे ग्रॅम मासळी कोंबली जाते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमच. रात्री शेवाळही प्राणवायू वापरते, म्हणून पहाटे सूर्योदयापूर्वी तो सर्वांत कमी असतो.

पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करू लागले की धोक्याची वेळ आली, हे अनुभवी लोक जाणतात. त्या वेळी पंप सुरू करून तळ्याचेच पाणी फवाऱ्याने परत तळ्यात सोडावे आणि त्या दिवशी खाद्य व शेण बंद ठेवावे. यापूर्वीची सूचना पाण्याचा हिरवा रंग देतो. हात पाण्यात बुडवीत न्यावा. कोपरापर्यंत बुडेपर्यंत तळहात दिसत असेल तर ठीक, मनगट बुडताच तळहात दिसेनासा झाला तर शेवाळ फार वाढले आहे. असे पाणी ठिबक संचाच्या सँड फिल्टरलाही त्रासदायक ठरते.

मे महिन्यातील अशा एखाद्या रात्रीचा दुसरा परिणाम सहसा ध्यानात येत नाही. प्राणवायू संपला की प्रथम मरतात ते कार्प. चिलापी बरीच तग धरते. मरळ तर हवेतूनच श्वास घेते. सकाळी शेतकरी मेलेले कटला-रोहू बाहेर काढतो आणि तळे सावरले असे समजतो. वस्तुतः त्या एका रात्रीत तळ्याचा समतोल पालटलेला असतो.

यावर उपाय एकच, पाणी कमी होण्याआधी मासळी कमी करणे. फेब्रुवारीच्या मध्यापासून दर पंधरवड्याला मोठे मासे काढून विकावेत. एकदम सारी मासळी काढली तर लहान गावच्या आठवडे बाजारात तिला भाव राहत नाही, हेही थोडथोडी काढण्याचे एक कारण आहे. जाळ्यात आलेली चिलापी कितीही लहान असली तरी पुन्हा पाण्यात सोडू नये. ‘लहान आहे, वाढू द्या’ ही दया रोहूच्या बाबतीत योग्य आहे, चिलापीच्या बाबतीत नाही. सायप्रिनसच्या विणीच्या दिवसांत पाणवनस्पतींच्या जुड्या काठाशी बांधून ठेवाव्यात आणि त्यांवर अंडी चिकटली की जुड्या बाहेर काढून उन्हात टाकाव्यात.

शेतकऱ्याकडे ओढजाळे नसते आणि ते ओढण्याचे कसबही नसते. तापी, गिरणा व पांझरा काठच्या भोई व कोळी कुटुंबांकडे ते आहे. त्यांना वाट्याने किंवा मजुरीने बोलाविणे दोघांच्याही हिताचे ठरते. जाळ्याचे दगड वा शिशाचे मणी प्लॅस्टिकच्या अस्तराला घासू नयेत, एवढी सूचना आधी द्यावी. अस्तराच्या तळ्याचा उतार ओला झाला की अत्यंत निसरडा होतो व पोहणारालाही बाहेर येता येत नाही; म्हणून चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडलेले असावेत आणि तळ्याला कुंपण असावे. मुलाबाळांच्या दृष्टीने हे मासळीच्या कोणत्याही हिशेबापेक्षा आधी करावयाचे काम आहे.

तळे पुन्हा नव्याने

जेथे चिलापीची वस्ती हाताबाहेर गेली आहे, तेथे तळे एकदा पूर्ण रिकामे करण्यावाचून गत्यंतर नसते. मातीच्या तळ्याला खानदेशातील मे महिना हे काम फुकट करून देतो. तळ भेगाळेपर्यंत वाळू द्यावा, वरचा गाळ काढून शेतात पसरावा आणि हेक्टरी २०० ते २५० किलो चुना टाकावा. अस्तराच्या तळ्यात गाळ हातानेच काढावा, फावड्याने नव्हे.

तळ पूर्ण आटत नसेल तर मोहाच्या पेंडीचा उपयोग होतो. तिच्यातील सॅपोनिन या द्रव्याने मासे मरतात आणि पुढे पेंडीचे खत होते. घनमीटर पाण्याला २५० ग्रॅम हे प्रमाण आहे. वर सांगितलेल्या तळ्यात अर्धा मीटर पाणी उरले असेल तर ते सुमारे ३०० घनमीटर भरते व त्यासाठी ७५ किलो पेंड लागते. यावरून पाणी जितके कमी तितका खर्च कमी, हे स्पष्ट आहे. पेंड टाकल्यावर गुरांना ते पाणी पाजू नये आणि निदान तीन आठवडे बीज सोडू नये. ओढ्यात किंवा गावच्या सार्वजनिक पाण्यात हा उपाय कदापि करू नये.

गाव तलाव व पाझर तलाव यांच्या बाबतीत ग्रामपंचायतींना एक गोष्ट सुचवावीशी वाटते. तलाव ठेक्याने देताना रक्कम व मुदत पाहिली जाते. फार तर बीज किती सोडणार हे विचारले जाते. ठेकेदाराने दर काढणीला कोणत्या जातीची किती किलो मासळी निघाली याची नोंद पंचायतीला द्यावी, अशी अट घातल्यास तीन वर्षांत तलावाची प्रकृती कागदावर दिसू लागेल. मुदतीच्या अखेरच्या वर्षी तलाव लहान-मोठ्या मासळीसकट खरवडून नेला जातो, त्यालाही यामुळे आळा बसेल. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल व रावेर तालुक्यांतील अनुसूचित क्षेत्राच्या गावांत १९९६ च्या पेसा कायद्याचा आधार घेता येतो. लहान जलाशयांचे नियोजन व व्यवस्थापन यांत ग्रामसभेला व पंचायतीला त्या कायद्याने स्थान दिले असल्याने हे काम ग्रामसभेतच होऊ शकते. हतनूरसारख्या मोठ्या जलाशयांना मात्र वरील मोजमापे लावू नयेत. तेथे पुराबरोबर मासळी येते व जाते, आणि तेथील प्रश्नही निराळे आहेत.

रिकामे केलेले तळे मृगाच्या पावसापूर्वी तयार असावे. पाणी आत येण्याच्या तोंडाशी आणि पंपाच्या नळाला बारीक जाळी बसवावी, अन्यथा पहिल्याच लोंढ्याबरोबर जंगली मासळी परत येते. ९०० चौरस मीटरच्या तळ्याला हेक्टरी ५,००० या हिशेबाने ४५० बोटुकली पुरतात. ती बाटलीतील जिऱ्याएवढी नसून बोटभर लांबीची असावीत आणि पिशवी अर्धा तास तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवून मगच सोडावीत. त्याच दिवशी वहीत जात, संख्या व सरासरी वजन लिहून ठेवावे. फेब्रुवारीतील जाळ्याचा हिशेब याच पानाशी ताडून पाहावयाचा आहे.